गोऱ्याचा स्वल्पविराम आणि आपला अभिमान

२७ फेब्रुवारी आला की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. ऑफिसात एक दिवस फेटे, कुर्ते, नऊवारी. एचआरचं आमंत्रण येतं (अर्थातच इंग्रजीत). फोनवर सकाळपासून अभिमानाचे फॉरवर्ड. दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी ग्रुप फोटो. आणि २८ तारखेला सकाळी शेजारच्या डेस्कवरच्या कुलकर्णीला आपण म्हणतो, 'यार, वो फाईल भेज दे ना.'

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे २६ फेब्रुवारीला, कोणी काही म्हणजे काहीच करत नाही. वास्तविक त्या दिवशीही एक कारण आहे. २६ फेब्रुवारी १८७७ ला महाबळेश्वरात एक म्हातारा इंग्रज वारला. नाव मेजर टॉमस कँडी. वरच्या परिच्छेदात मी जे स्वल्पविराम, कंस आणि अवतरणचिन्हं वापरलीत ना, ही असली चिन्हं मराठीत कुठे आणि कशी वापरायची हे समजावून सांगणारं 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तक या माणसाने १८५० साली लिहिलं. म्हणजे आपण मराठीच्या अभिमानाचं जे कडकडीत वाक्य टाईप करतो, त्यातला श्वास घ्यायचा थांबा एका गोऱ्याने नीट बसवून दिलेला आहे. आता बोला!

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. भाषा जन्माने मिळते, पण नुसत्या जन्माने ती टिकत नाही. कोणीतरी बसून, कंटाळवाणं, बिनटाळ्यांचं काम करावं लागतं. एकोणिसाव्या शतकात ते काम करणाऱ्यांत एक परदेशी माणूस होता. आज ते काम करायची संधी ज्यांच्या टेबलावर रोज येऊन पडते ते आपण आहोत: मराठी बोलणारे, पगारदार, संगणकवाले. आणि आपण ते करत नाही आहोत. बाकी सगळं या मुद्द्याचं स्पष्टीकरण.

आधी माणूस कोण ते बघू.

कँडीचा जन्म १३ डिसेंबर १८०४ चा, इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातल्या ईस्ट नॉइल गावचा. १८२२ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात हिंदुस्थानात आला. वय हिशोबाने सतरा. आपण त्या वयात बारावीच्या क्लासला दादरला जात होतो. पेशवाई बुडून जेमतेम चार वर्षं झाली होती. पुण्याबाहेर नवीन लष्करी छावणी वसत होती, जिला आपण आजही 'कॅम्प' म्हणतो. बंगले, परेड, आणि १८२५ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालेलं सेंट मेरी चर्च. उन्हाळ्यात डोंगरावर पळायची सोयही थोड्याच वर्षांत झाली. १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरात गव्हर्नर माल्कमच्या नावाने माल्कम पेठ वसली. म्हणजे इंग्रज माणसाला मराठीचा एक शब्दही न शिकता आयुष्य काढता येईल अशी पूर्ण व्यवस्था होती. आजच्या भाषेत सांगायचं तर गेटेड कम्युनिटी. क्लब आत, चर्च आत, भाजी आणायला नोकर.

या व्यवस्थेत राहून कँडीने काय केलं? मराठी शिकला. नुसती हुकूम देण्यापुरती नाही. लष्करात तो दुभाष्या झाला. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याच्या कामात टॉमस कँडी आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज दोघेही होते. मोल्सवर्थने मग इंग्रजी-मराठी कोशाला हात घातला, पण तब्येत बिघडली आणि १८३६ मध्ये तो इंग्लंडला परतला. अर्धवट राहिलेला कोश पूर्ण केला कँडीने, १८४७ साली. ज्यांनी कधी दुसऱ्याने अर्धवट सोडलेला प्रोजेक्ट हातात घेतलाय त्यांना या एका वाक्यातलं दुःख कळेल. पुन्हा १८७३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा कँडी अडुसष्ट वर्षांचा होता. आपण पाच वर्षं जुन्या कोडला 'लेगसी' म्हणून नाक मुरडतो.

मधल्या काळात १८३७ पासून तो पुण्याच्या विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख होता, आणि पुढे तिचं पूना कॉलेज झालं त्याचाही (हेच नंतरचं डेक्कन कॉलेज). शिवाय सरकारचा मराठी भाषांतरकार. शाळेची पुस्तकं, नीतिकथा, 'भाषणसांप्रदायिक वाक्यें' नावाचं पुस्तक, आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेचं मराठी भाषांतर. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात जोतीराव फुल्यांचा शाळांच्या कामाबद्दल शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला, तोही याच मेजर कँडीच्या हस्ते. आला १८२२ साली, गेला १८७७ साली. हिशोब करा, पंचावन्न वर्षं.

आता विरामचिन्हांबद्दल थोडं, कारण 'टिंबं आणि रेघा, त्यात काय एवढं' असं वाटू शकतं. त्या काळचा मोडीतला कागद कधी बघितलाय? आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिला लटकवत सलग लिहीत जायचं. शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे संपतं, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकाच कचेरीतले कारकून असतील तर काही अडत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मिनिफाय केलेला कोड: मशीनला चालतो, नव्या माणसाला वाचता येत नाही. छापखाना आणि शाळा आल्यावर वाचणारा अनोळखी झाला. कोकणातल्या पोराच्या हातात पुण्यात लिहिलेलं पुस्तक पडणार. त्याला शेजारी बसून 'इथे थांब, इथे प्रश्न आहे' असं सांगायला कोणी नाही. विरामचिन्हं म्हणजे त्या गैरहजर मास्तराची जागा. ही गरज ओळखून त्यावर पुस्तक लिहावंसं वाटणं, याला भाषेचा अभिमान लागत नाही. वाचणाऱ्याची काळजी लागते.

इथपर्यंत वाचून दोन प्रकारचे लोक चिडलेले असणार. त्यांचं एकेक करून घेतो.

पहिले म्हणतील, 'एवढं कौतुक कशाला? साम्राज्याचा नोकर होता तो. राज्य चालवायचं होतं म्हणून मराठी शिकले.' अगदी बरोबर. मी कुठे नाही म्हणतोय? कंपनी सरकार अधिकाऱ्यांच्या देशी भाषांच्या परीक्षा घ्यायचं आणि पास होणाऱ्याला बढतीचे, दुभाष्याच्या जागेचे दरवाजे उघडायचे. म्हणजे इन्सेंटिव्ह होता. कर वसूल करायचा तर शेतकऱ्याची भाषा हवी, शिक्षा द्यायची तर गुन्हेगाराची हवी. दंड संहितेचं भाषांतर हे काही मराठीवरच्या प्रेमातून झालेलं नाही.

पण हाच मुद्दा उलटा करून बघा की. परक्या, लुटायला आलेल्या सरकारला इतकं कळत होतं की लोकांच्या भाषेत कायदा नीट लिहिला नाही तर राज्य चालणार नाही, आणि त्यासाठी माणूस नेमून, पगार देऊन, वर्षानुवर्षं बसवावा लागतो. आपलं स्वतःचं राज्य आलं, १९६० साली भाषेच्या नावावर महाराष्ट्र झाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जाही दिला. पेढे वाटले आपण. पण तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस आहे का, ज्याला चांगलं मराठी लिहिता येतं म्हणून ऑफिसात बढती मिळाली? मला तरी एकही आठवत नाही. साम्राज्याचा हेतू वाईट होता, मान्य. आपला हेतू चांगला आहे म्हणता, मग कामाचं काय?

दुसरे म्हणतील, 'कँडीचं मराठी काय मराठी होतं का? इंग्रजी वळणाचं, सरकारी, बेचव.' हेही बऱ्याच अंशी खरं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेच्या पुस्तकात कुठला शब्द चालेल, कुठलं रूप शुद्ध, हे ठरवायचा अधिकार कित्येक वर्षं एका इंग्रजाच्या टेबलावर होता. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, त्यांनी आपलं लिखाण साहेबाकडून तपासून घ्यायचं. कोणाचंही डोकं फिरेल. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि पहिल्याच निबंधाला विषय घेतला मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीचा, त्याच्यामागे हा सगळा राग होता. तो राग योग्यच होता.

गंमत अशी की शास्त्रीबुवांची ती लांबलचक, पल्लेदार, इंग्रजीच्या अतिक्रमणावर तुटून पडणारी वाक्यं उभी कशावर आहेत? स्वल्पविरामावर, अर्धविरामावर, उद्गारचिन्हावर. त्यांनी फिरंगी म्हणून ती फेकून दिली नाहीत. जे कामाचं होतं ते उचललं, आपलं केलं आणि त्याच्याच जोरावर साहेबाला झोडपलं. याला म्हणतात अभिमान. चिपळूणकरांनी नुसता 'मराठी खतरे में' असा आरडाओरडा केला नाही. त्यांनी दर महिन्याला, एकट्याने, चांगलं मराठी लिहून दाखवलं. साहेबाच्या मराठीला उत्तर मराठीतून दिलं. त्यांची नक्कल करायची तर ती करा ना!

आणखी एक हिशोब चुकता करायला हवा. कोशाच्या पानावर नाव मोल्सवर्थचं आणि कँडीचं असलं तरी शब्द कोणी गोळा केले? शास्त्रीमंडळींनी. मोल्सवर्थच्या आधी दोन वर्षं, १८२९ मध्ये, 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला होता. मराठीतून मराठीत, आणि तो आपल्याच पंडितांनी केलेला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके ही त्यातली काही नावं. ऐकली होती कधी? १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, तेही आपल्याला फक्त परीक्षेतल्या एका मार्कापुरतं आठवतं. काम इथल्या टीमने करायचं आणि क्लायंटसमोर प्रेझेंटेशन ऑनसाईटवाल्याने द्यायचं, ही पद्धत आपल्या इंडस्ट्रीने शोधलेली नाही हे यावरून लक्षात यावं.

म्हणून मी कँडीची आरती ओवाळत नाहीये. 'इंग्रज नसते तर मराठीचं काय झालं असतं' हे गळ्यात पडून रडणारे लेख मलाही डोक्यात जातात. पण हा गोरा, ते शास्त्री, तो दादोबा आणि साहेबावर उखडलेले चिपळूणकर, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. एकमेकांशी पटो न पटो, सगळे मराठीवर काम करत होते. त्या पंगतीत आपण कुठे बसतो?

आता येऊ आपल्या गल्लीत.

२०२५ साल आठवा. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर सरकारने तो मागे घेतला, आणि त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारहाण झाल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. आमच्याकडे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणे, 'इथे राहायचं तर मराठी आलीच पाहिजे.' दुसरा म्हणे, 'आम्ही टॅक्स भरतो, भाषा आमची मर्जी.' दोन्ही तटांचं बहुतेक भांडण इंग्रजीत चाललं होतं हे वेगळं सांगायला नको.

'आमची मर्जी' वाल्यांना कँडीचा पत्ता द्यावासा वाटतो. बाबांनो, तो तर राज्यकर्ता होता. त्याला कोणी जाब विचारणार नव्हतं. त्याला मराठी न शिकण्याची तुमच्यापेक्षा शंभरपट सोय होती. तरी शिकला, आणि शिकून शब्दकोश पूर्ण केला. तुम्हाला पवईच्या बावीस मजली टॉवरमध्ये पंधरा वर्षं राहून 'जरा बाजूला व्हा' हे चार सिलॅबलच्या वर जमत नाही, हा काही मूलभूत हक्कांचा प्रश्न नाही. हा निव्वळ आळस आहे, आणि थोडा माज.

पण हे बोलताना टॉवरवाला आणि भाजीवाला एका पारड्यात टाकू नका. घाटकोपर स्टेशनबाहेर जौनपूरचा भाजीवाला 'घ्या ताई, कोथिंबीर दहाला जुडी, परवडणार नाही यापेक्षा' असं खणखणीत म्हणतो. त्याला पोटासाठी शिकावं लागलं, तो शिकला. मार मात्र बहुतेक वेळा असल्यांनाच पडतो. टॉवरमधल्याला कोणी हात लावत नाही, कारण खाली सिक्युरिटी आहे. कानाखाली मारून आजवर कोणालाही क्रियापदाची रूपं आलेली नाहीत. आली असती तर आमच्या शाळेतली अर्धी पोरं संस्कृतमध्ये पंडित झाली असती.

आणि सगळ्यात मोठा विनोद आपणच. तो भाजीवाला मराठीत बोलतो आणि आपली ताई त्याला उत्तर देते, 'कितने का दिया भैया?' समोरचा शिकायला तयार असताना आपणच दार लावून घेतो. रिक्षात, बँकेत, दवाखान्यात, समोरच्याने मराठीत सुरुवात केली तरी दुसऱ्या वाक्याला आपली गाडी हिंदीवर. कँडीला बोलायला लोक मिळाले, शास्त्री मिळाले, चूक दाखवणारे मिळाले, म्हणून तो शिकला. आपल्यात येऊन आज कोणी मराठी शिकायचं म्हटलं तर बिचाऱ्याने बोलायचं कोणाशी?

असो. हे सगळं तुम्ही आधीही ऐकलंय. मला खरं भांडायचंय ते आपल्या धंद्याबद्दल.

एकोणिसाव्या शतकात मराठी माणसाला सरकार भेटायचं ते छापील कागदातून. त्या कागदावरचं मराठी कँडीच्या टेबलावरून जायचं. आज मराठी माणसाला सरकार, बँक, वीज कंपनी, शाळा, दवाखाना भेटतो तो स्क्रीनमधून. त्या स्क्रीनवरचं मराठी कोणाच्या टेबलावरून जातं? तुमच्या आणि माझ्या. कुठल्यातरी रिपॉझिटरीत भाषांच्या फाईल्स असतात, त्यातली एक मराठीची. ती फाईल म्हणजे आजचं भाषांतरकाराचं खातं. फरक एवढाच की त्या खात्यात कोणी बसलेलंच नाही.

एका प्रोजेक्टवर (क्लायंटचं नाव विचारू नका, सांगणार नाही) मराठीची फाईल माझ्या समोर आली. कोणीतरी हिंदीची फाईल कॉपी करून तिच्यात 'करें' च्या जागी 'करा' केलं होतं. फाईंड, रिप्लेस, सेव्ह, काम तमाम. त्यामुळे नोंदणीला 'पंजीकरण', अर्जाला 'आवेदन'. आणि शैक्षणिक कर्जाच्या बटणावर काय? 'शिक्षा कर्ज'! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षा. (हप्ते फेडताना दोन्ही अर्थ पटतात ती गोष्ट वेगळी.) दुसऱ्या एका ठिकाणी मशीनने 'सेव्ह'चं केलं होतं 'वाचवा'. फॉर्मच्या तळाशी एक हिरवं बटण, त्यावर लिहिलंय 'वाचवा'. कोणाला? कशापासून?

हसायला ठीक आहे. पण या फाईलवर काम करणाऱ्या आमच्या आठजणांत पाच मराठी होते, आणि पाचांपैकी एकाच्याही फोनची भाषा मराठी नव्हती. त्यामुळे ते बटण कोणाच्याही डोळ्यांखालून गेलं नव्हतं. टेस्टिंगच्या यादीत मराठीसमोर टिक होती, कारण 'स्क्रीनवर देवनागरी दिसते का' एवढंच तपासायचं होतं. मी मुद्दा काढला तर उत्तर काय मिळालं? 'अरे, मराठीत ॲप वापरतं कोण?'

हा प्रश्न मला रागाने लाल करतो. मराठीत ॲप कोण वापरतं ते सांगतो. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे लोक सव्वाआठ कोटींहून जास्त होते. त्यातले तुम्ही-मी सोडा, आपल्याला इंग्रजी येतं. पीकविम्याचा अर्ज भरणारा शेतकरी, बचतगटाचा हिशोब ठेवणाऱ्या मावशी, मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरणारा रिक्षावाला, ही मंडळी मराठीचं बटण दाबतात, कारण त्यांच्याकडे दुसरं बटण नाही. आपल्यासाठी मराठी हा भावनेचा विषय आहे, त्यांच्यासाठी तो कामाचा विषय आहे. 'आवेदन निरस्त' असं स्क्रीनवर आलं आणि त्यांना कळलं नाही, की आपला अर्ज फेटाळलाय, तर बुडतं कोण? आपलं काही बुडत नाही. आपण २७ तारखेला फेटा बांधून फोटो काढतो.

कँडीच्या दंड संहितेत शब्द चुकला असता तर कोणीतरी तुरुंगात गेला असता. आपल्या फाईलमध्ये शब्द चुकला तर कोणाचा तरी अर्ज बाद होतो, हप्ता चुकतो, औषधाची वेळ चुकते. जोखीम तीच आहे. त्याला ती माहीत होती, आपल्याला माहीत करून घ्यायची नाहीये.

पुढचं ठरलेलं वाक्य: 'पण मराठीत तांत्रिक शब्दच नाहीत रे.' १८६० मध्ये इंग्रजी कायद्यासाठी तरी मराठीत शब्द कुठे तयार ठेवले होते? कुठे जुना फारसी शब्द कचेरीत रुळलेला होता तो घ्यायचा, कुठे संस्कृतातून बनवायचा, कुठे लोक बोलतात तो उचलायचा. फिर्याद, वकील, जामीन हे फारसी-अरबीकडून आलेले शब्द आज कोणाला परके वाटतात? मोल्सवर्थचा कोश उघडा, शब्दासमोर त्याच्या मुळाची खूण दिसेल: संस्कृत, हिंदी, फारसी, अरबी. पगार, चावी, बटाटा तर पोर्तुगीजांकडून आले आणि आपल्या घरातच राहिले. म्हणून 'शुद्ध मराठी' वाल्यांनाही सांगतो, 'पासवर्ड'ला चार अक्षरी संस्कृत शब्द शोधण्यात आयुष्य घालवू नका. पासवर्ड चालेल. 'सेव्ह'ला 'जतन करा' चालेल, 'सेव्ह करा' सुद्धा चालेल. 'वाचवा' चालणार नाही. शब्द कुठून आला हे बिनमहत्त्वाचं, समोरच्याला कळला का हे महत्त्वाचं. आणि ते कळायला समोरच्याला विचारावं लागतं. कोशकारांनी तेच केलं, आपल्याला एका मावशींना फोन दाखवून 'हे बटण कशाचं वाटतं?' असं विचारायला लाज वाटते.

अक्षरांचंही तसंच. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक मराठी वाचणाऱ्याला लगेच कळतो. तो अर्धा र युनिकोडमध्ये आहे, त्याला जागा दिलेली आहे, नियम ठरलेला आहे. तरी कितीतरी स्क्रीनवर तो तुटतो, कारण फॉन्ट निवडणाऱ्याने हिंदीचा नमुना मजकूर टाकून बघितला आणि पुढे गेला. मराठी वळणाचा ल आणि श कसे दिसावेत यावर २००९ मध्ये राज्य सरकारने रीतसर शासन निर्णय काढलाय. आपल्यापैकी कितीजणांनी तो वाचलाय? एपीआयची तीनशे पानं वाचतो आपण, क्लायंटने लोगोच्या निळ्या रंगाची छटा बदलली तर रात्री अकरापर्यंत थांबतो. भाषेची चार पानं जड होतात.

मोल्सवर्थचा १८५७ चा सुधारलेला कोश आज फुकट, ऑनलाईन, शोधता येईल असा उपलब्ध आहे. कोणी केला? शिकागो विद्यापीठाने. त्यांचे आभारच, पण थोडं तरी टोचायला हवं की नाही? बाहेरून आलेल्याने कोश केला, दीडशे वर्षांनी बाहेरच्यांनीच तो संगणकावर चढवला, आणि मधल्या सगळ्या काळात जगातली एवढी इंजिनिअर मंडळी पैदा करणारा आपला समाज भाषेचा अभिमान बाळगत बसला! अपवाद आहेत, आणि ते मला माहीत आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, काही मोजकी माणसं रात्री जागून त्यात लिहितात. फॉन्ट बनवणारे आहेत, ओपन सोर्सची भाषांतरं करणारे आहेत. मूठभर आहेत, थकलेले आहेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर छाती पिटणाऱ्यांना त्यांची नावंही माहीत नाहीत. त्या घगवे-क्रमवंतांसारखंच.

कोणी म्हणेल, आता तर मशीनच सगळं भाषांतर करतं, माणूस कशाला हवा? मशीन शिकतं कशावरून? जे मराठी लिहिलेलं सापडतं त्यावरून. आपण 'पंजीकरण' आणि 'शिक्षा कर्ज' पेरून ठेवलं तर मशीन तेच उगवून देणार, आणि उद्या आपल्या पोरांना तेच बरोबर वाटणार. कँडीच्या हातून बिघडलेलं मराठी दुरुस्त करायला चिपळूणकर आले. आपल्या हातून बिघडलेलं इतक्या झपाट्याने पसरेल की दुरुस्त करायला येणाऱ्यालाही सुरुवात कुठून करावी कळणार नाही.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. मोर्चा नको, राजीनामा नको, नोकरी सोडून कोश लिहायला जा असंही म्हणत नाही. फोनची भाषा एक महिना मराठी ठेवा, म्हणजे आपण लोकांना काय वाढतोय ते कळेल. प्रोजेक्टमध्ये मराठीची फाईल असेल तर ती मागून घ्या आणि मोठ्याने वाचा, जे वाक्य आईला फोनवर म्हणून दाखवता येत नाही ते बदला. टेस्टिंगच्या यादीत 'देवनागरी दिसते का' च्या खाली 'मराठी आहे का' अशी एक ओळ घाला. ऑफिसातल्या ज्या मराठी न येणाऱ्या मित्राला शिकायचंय त्याच्याशी मराठीतच बोला, तो अडखळला तर थांबा, हिंदीवर उडी मारू नका. यातल्या एकाही गोष्टीला कोणी टाळ्या वाजवणार नाही हे आधीच सांगतो.

उद्या सोमवार. मशीन सुरू झालं की चहा आणायला जायच्या आधी ती फाईल उघडून बघा. पहिल्या वीस ओळींत एक तरी 'वाचवा' सापडेल, पैज लावतो.